मेदजन्य संकेतप्रथिने

मेदजन्य संकेतप्रथिने म्हणजे शरीरातील मेद-ऊतकातून रक्तात सोडली जाणारी आणि दूरच्या इंद्रियांपर्यंत संदेश पोहोचविणारी प्रथिने होत. इंग्रजी वैद्यकीय साहित्यात त्यांना 'ॲडिपोकाइन' म्हणतात. मेंदू, यकृत, स्नायू, स्वादुपिंड, हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्यावर त्यांचा परिणाम होतो. भूक, ऊर्जेचा व्यय, इन्शुलिनची परिणामकारकता, रक्तदाब, रक्त गोठण्याची क्रिया आणि रोगप्रतिकार यांच्या नियमनात त्यांचा वाटा असतो. मेद-ऊतकाचे प्रमाण, रचना किंवा शरीरातील जागा बिघडली की या संदेशांचे संतुलन ढळते. त्यातून इन्शुलिनरोध, टाइप २ मधुमेह, यकृतातील मेदसंचय, उच्च रक्तदाब आणि हृदयरोहिणीविकार यांना हातभार लागतो. लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन ही या गटातील सर्वाधिक अभ्यासलेली प्रथिने आहेत.

विसाव्या शतकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत मेद म्हणजे शिल्लक ऊर्जेची कोठी, थंडीपासून बचाव करणारे अस्तर आणि इंद्रियांना धक्का बसू नये म्हणून घातलेली गादी, एवढीच समजूत होती. १९९४ साली लेप्टिनचे जनुक सापडल्यावर ती बदलली. आज मेद-ऊतकाची गणना थायरॉइड वा अधिवृक्क ग्रंथींप्रमाणे अंतःस्रावी इंद्रियांत केली जाते. आकाराने ते त्यांतील सर्वांत मोठे होय.

संज्ञा

'ॲडिपोकाइन' हा शब्द मेद या अर्थाचा लॅटिन शब्द 'ॲडेप्स' आणि 'हलविणे, चालना देणे' या अर्थाचा ग्रीक धातू 'किनेइन' यांच्यापासून बनला आहे. मराठीत मेद, चरबी आणि वसा हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. प्रस्तुत लेखात 'मेद' हा शब्द पेशींनी बनलेल्या जिवंत ऊतकासाठी आणि 'वसा' हा शब्द त्या पेशींत साठणाऱ्या रासायनिक पदार्थासाठी वापरला आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण संकेत पाठविण्याचे काम पेशी करतात. त्यांच्यात साठलेला वसेचा थेंब करीत नाही.

आयुर्वेदातील सप्तधातूंमध्ये मेद हा चौथा धातू मानला आहे आणि चरकसंहितेत निंदित म्हणून सांगितलेल्या आठ प्रकारच्या देहांमध्ये अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा समावेश आहे. या वर्णनांत आधुनिक संकेतप्रथिनांचे बीज शोधण्याचा मोह काही लोकप्रिय लेखनात दिसतो, परंतु तसे म्हणण्यास ग्रंथात आधार नाही. ती निरीक्षणे त्यांच्या जागी मोलाची आहेत.

शोधाचा इतिहास

शरीर आपल्या मेदसाठ्याची मोजदाद कशी ठेवते, हा प्रश्न जुना आहे. १९५३ मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ गॉर्डन केनेडी यांनी असे सुचविले, की मेदसाठ्याच्या प्रमाणात रक्तात काहीतरी उतरत असावे आणि मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस त्यावरून भूक ठरवीत असावा. हे 'काहीतरी' काय आहे, याचा मागोवा लागण्यास मात्र चाळीस वर्षे जावी लागली.

अमेरिकेच्या मेन राज्यातील बार हार्बर या गावी असलेल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली उंदरांची एक वेगळीच पिल्ले आढळली. ती सतत खात आणि सामान्य उंदरांच्या कितीतरी पट लठ्ठ होत. हा दोष एका जनुकातील बिघाडामुळे होता. त्या जनुकाला 'ओबी' असे नाव पडले. पुढे १९६० च्या दशकात त्याच प्रयोगशाळेत लठ्ठ आणि मधुमेही अशा उंदरांची दुसरी जात सापडली. तिच्यातील दोषी जनुकाला 'डीबी' म्हटले गेले. दिसायला दोन्ही जाती जवळजवळ सारख्याच होत्या.

त्यांच्यातील फरक डग्लस कोलमन यांनी उघड केला. दोन उंदरांच्या कुशी शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडल्या, तर काही दिवसांत त्यांचे रक्त एकमेकांत मिसळू लागते. कोलमन यांनी डीबी उंदीर निरोगी उंदराला जोडला, तेव्हा निरोगी उंदराने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. ओबी उंदीर डीबी उंदराला जोडला, तेव्हा ओबी उंदराची तीच गत झाली. ओबी उंदीर निरोगी उंदराला जोडला, तेव्हा मात्र ओबी उंदराचे खाणे आटोक्यात आले. यावरून कोलमन यांनी काढलेला निष्कर्ष सरळ होता: ओबी उंदराला भूक शमविणारा पदार्थ तयार करता येत नाही, परंतु तो मिळाल्यास त्याला समजतो, डीबी उंदीर तो पदार्थ भरपूर तयार करतो, पण त्याला तो समजत नाही. बोलणारा मुका आणि ऐकणारा बहिरा, असे हे दोन रोग होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी मांडलेला हा विचार अनेकांना पटला नाही. लठ्ठपणा हा इच्छाशक्तीचा दोष आहे, असे मानण्याकडे तेव्हा विद्वानांचाही कल होता.

न्यूयॉर्कमधील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ वर्षे खपून ओबी जनुक वेगळे केले आणि डिसेंबर १९९४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. हे जनुक मेदपेशींत कार्य करते आणि त्यापासून १६७ अमिनो आम्लांचे एक प्रथिन तयार होते, असे आढळले. 'कृश' या अर्थाच्या ग्रीक 'लेप्टोस' शब्दावरून या प्रथिनाला लेप्टिन हे नाव देण्यात आले. पुढच्याच वर्षी त्याचा ग्राही सापडला आणि डीबी उंदरांत नेमका तोच सदोष असल्याचे सिद्ध झाले. कोलमन यांचे अनुमान वीस वर्षांनी अक्षरशः खरे ठरले. २०१० साली कोलमन आणि फ्रीडमन यांना लास्कर पुरस्कार विभागून देण्यात आला.

मेदपेशी प्रथिने स्रवतात याची चिन्हे लेप्टिनच्या आधीही दिसली होती. १९८७ मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने 'ॲडिप्सिन' हे प्रथिन वर्णिले. ते रोगप्रतिकारातील पूरक प्रणालीचा एक घटक निघाले. १९९३ मध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या मेदात 'टीएनएफ-आल्फा' हे शोथकारी प्रथिन तयार होते आणि ते इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणते, असे दाखविले. लठ्ठपणा, शोथ आणि मधुमेह यांना एका सूत्रात ओवणारे हे पहिले महत्त्वाचे संशोधन होय.

लेप्टिन

लेप्टिन मुख्यतः त्वचेखालील मेदातून स्रवते. रक्तातील त्याचे प्रमाण मेदसाठ्याच्या प्रमाणात वाढते. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा अधिक असते. अधोथॅलॅमसातील पेशींवर कार्य करून ते भूक कमी करते.

१९९७ मध्ये केंब्रिज येथील स्टीफन ओ'रॅहिली, सदाफ फारूकी आणि सहकाऱ्यांनी एकाच कुटुंबातील दोन अतिलठ्ठ चुलत भावंडांमध्ये लेप्टिनचे जनुक सदोष असल्याचे दाखविले. त्यांतील मुलीचे वजन नवव्या वर्षी ९४.४ किलोग्रॅम होते. लेप्टिनची रोजची टोचणी सुरू केल्यावर एका वर्षात ते १६ किलोग्रॅमने घटले आणि अन्नासाठी चाललेला तिचा सततचा हट्ट थांबला. माणसाची भूकही एका प्रथिनावर इतकी अवलंबून असू शकते, याचा हा निर्विवाद पुरावा ठरला.

परंतु असे रुग्ण जगभरात अत्यंत विरळ आहेत. सर्वसामान्य लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन कमी नसून भरपूर असते. शरीर त्याला दाद देईनासे होते. या स्थितीला लेप्टिनरोध म्हणतात. ॲमजेन या औषध कंपनीने लेप्टिनचे हक्क मिळविण्यासाठी आरंभीच दोन कोटी डॉलर मोजले होते, परंतु १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सामान्य लठ्ठपणावर त्याचा परिणाम माफकच दिसला. लठ्ठपणावरचे रामबाण औषध हाती आल्याची वर्तमानपत्री आशा तिथेच मावळली.

लेप्टिन हे मुळात लठ्ठपणा रोखण्यासाठी नसून उपासमारीची वर्दी देण्यासाठी असावे, असे आज बहुतेक संशोधक मानतात. मेदसाठा घटून लेप्टिन उतरले, की भूक वाढते, शरीर ऊर्जा जपून खर्च करू लागते, थायरॉइड संप्रेरके कमी होतात, स्त्रियांची मासिक पाळी थांबू शकते आणि प्रतिकारशक्ती मंदावते. दुष्काळात जगून राहण्यासाठी ही व्यवस्था हिताची आहे. आहार कमी करून वजन उतरविलेल्या माणसाला मात्र तीच अडचणीची ठरते. त्याचे लेप्टिन झपाट्याने उतरते, मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो आणि उतरलेले वजन पुन्हा चढू लागते. अशा माणसाला निश्चयाचा कच्चा म्हणणे शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने अन्यायाचे आहे.

लेप्टिनचा रक्तदाबाशीही संबंध आहे. ते अनुकंपी तंत्रिका तंत्राला उद्दीपित करते. भुकेच्या बाबतीत शरीर लेप्टिनला दाद देत नसले, तरी हा परिणाम बराचसा टिकून राहतो आणि त्यामुळे लठ्ठ व्यक्तींत रक्तदाब वाढतो, असे मानले जाते. जन्मतः लेप्टिन नसलेल्या रुग्णांचा रक्तदाब त्यांच्या प्रचंड वजनाच्या मानाने वाढलेला नसतो, ही गोष्ट या मताला पुष्टी देते.

ॲडिपोनेक्टिन

१९९५-९६ च्या सुमारास ॲडिपोनेक्टिनचा शोध वेगवेगळ्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे लागला. अमेरिकेत हार्वे लोडिश यांच्या प्रयोगशाळेत फिलिप शेरर यांनी आणि जपानमधील ओसाका येथे युजी मात्सुझावा यांच्या गटाने ते वेगळे केले. रक्तद्रवात ते दर मिलिलिटरला सुमारे ३ ते ३० मायक्रोग्रॅम इतके असते. लेप्टिन दर मिलिलिटरला नॅनोग्रॅममध्ये मोजावे लागते, म्हणजे ॲडिपोनेक्टिन त्याच्या सुमारे हजारपट झाले. त्याचे तीन-तीन रेणू एकत्र येतात आणि अशा त्रिकुटांचे मोठे पुंजके बनतात. चयापचयावरील परिणाम मुख्यतः या मोठ्या पुंजक्यांचा असतो.

या प्रथिनाचे वैशिष्ट्य असे, की मेद वाढला की ते घटते. फुगलेल्या, शोथग्रस्त मेदपेशी ते पुरेसे तयार करू शकत नाहीत. ॲडिपोनेक्टिनमुळे यकृतातील ग्लुकोजनिर्मिती कमी होते, स्नायू वसाम्ले अधिक जाळतात आणि दोन्ही ठिकाणी इन्शुलिन अधिक प्रभावी ठरते. त्याचे दोन ग्राही टोकियो येथील ताकाशी कादोवाकी यांच्या गटाने २००३ मध्ये शोधले. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर ते नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढविते, भक्षक पेशी त्या अस्तराला चिकटण्याची क्रिया रोखते आणि वसा गिळून फुगलेल्या 'फेनपेशी' बनण्यास अटकाव करते. या फेनपेशी म्हणजेच रोहिणीविलेपी विकाराची, अर्थात रोहिण्यांच्या आतून साचत जाणाऱ्या लेपाची सुरुवात होय.

२००४ मध्ये अमेरिकी पुरुष आरोग्यसेवकांच्या दीर्घकालीन पाहणीत ज्यांच्या रक्तात ॲडिपोनेक्टिन जास्त, त्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका कमी असल्याचे आढळले. पाठोपाठ चित्र गुंतागुंतीचे झाले. ज्यांचे हृदय आधीच दुबळे झाले आहे, म्हणजे ज्यांना 'हार्ट फेल्युअर' आहे, अशा रुग्णांत ॲडिपोनेक्टिन जास्त असेल तर मृत्यूचे प्रमाणही जास्त आढळले. याला 'ॲडिपोनेक्टिनचा विरोधाभास' म्हणतात. दुबळ्या हृदयातून स्रवणारी संप्रेरके मेदपेशींना ॲडिपोनेक्टिन वाढविण्यास भाग पाडतात आणि या रुग्णांचे शरीर झिजत असते, अशी त्याची कारणे सांगितली जातात. ज्यांच्यात जन्मतःच ॲडिपोनेक्टिन जास्त वा कमी ठेवणारी जनुकीय रूपे आहेत, अशा मोठ्या लोकसमूहांच्या अभ्यासांतही त्या फरकामुळे हृदयरोहिणीविकार बदलतो असे स्पष्टपणे दिसलेले नाही. म्हणून ॲडिपोनेक्टिन हे हृदयाचे प्रत्यक्ष रक्षक आहे, की केवळ निरोगी मेदाचे दर्शक, हा वाद मिटलेला नाही. लोकप्रिय लेखनात त्याला सरसकट 'चांगले संप्रेरक' म्हटले जाते, ते घाईचे आहे.

शोथकारी व इतर प्रथिने

मेद-ऊतकात मेदपेशींखेरीज रक्तवाहिन्यांच्या, तंतुजनक आणि रोगप्रतिकारक पेशीही असतात. वजन वाढताना मेदपेशी फुगतात. त्यांना ऑक्सिजन अपुरा पडतो आणि काही पेशी मरतात. मेलेल्या पेशीभोवती महाभक्षी पेशी कडे करून जमतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे कडे मुकुटासारखे दिसते. लठ्ठ प्राण्यांच्या मेदात महाभक्षी पेशींची संख्या पुष्कळ वाढते, हे २००३ मध्ये दोन अमेरिकी गटांनी एकाच वेळी दाखविले. मेदातून येणाऱ्या शोथकारी प्रथिनांपैकी बरीचशी या पाहुण्या पेशींचीच असतात.

त्यांपैकी टीएनएफ-आल्फा इन्शुलिनच्या संदेशवहनात खोडा घालते. इंटरल्यूकिन-६ रक्तावाटे यकृताकडे जाते आणि तेथे सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाची निर्मिती वाढविते. विश्रांतीच्या अवस्थेत रक्तातील इंटरल्यूकिन-६ पैकी सुमारे एकतृतीयांश मेदातून येते. 'पीएआय-१' हे प्रथिन रक्तातील गुठळी विरघळविण्याच्या नैसर्गिक क्रियेला आळा घालते. पोटातील मेद वाढला की ते वाढते. लेप फुटून त्यावर गुठळी धरणे हे हृदयविकाराच्या झटक्याचे नेहमीचे कारण असल्याने या प्रथिनाचे महत्त्व सहज लक्षात येते. रक्तदाबाचे नियमन करणाऱ्या साखळीतील अँजिओटेन्सिनोजेन हे प्रथिनही मेदपेशी तयार करतात.

रेझिस्टिन हे प्रथिन २००१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मिचेल लझार यांच्या गटाने वर्णिले. उंदरांत ते मेदपेशींतून स्रवते आणि इन्शुलिनरोध निर्माण करते, म्हणून लठ्ठपणा व मधुमेह यांना जोडणारा हरवलेला दुवा सापडल्याचा बोलबाला झाला. माणसात मात्र ते मुख्यतः श्वेतपेशींतून येते. उंदरांवरून माणसाविषयी अनुमान काढण्यातील धोक्याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. व्हिसफॅटिनची कथा याहून बोधप्रद आहे. आतड्यांभोवतीच्या मेदातून येणारे हे प्रथिन थेट इन्शुलिनच्या ग्राहीला चिकटून इन्शुलिनसारखे काम करते, असा दावा २००५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि २००७ मध्ये तो लेख मागे घेण्यात आला. या क्षेत्रात नव्या प्रथिनांची नावे दरवर्षी जाहीर होतात. ओमेंटिन, केमेरिन, अपेलिन, लिपोकॅलिन-२ ही त्यांपैकी काही. त्यांचे माणसातील नेमके कार्य अद्याप पुरते ठरलेले नाही.

मेदाचे स्थान

मेद किती आहे यापेक्षा तो कुठे आहे, हे अनेकदा निर्णायक ठरते. नितंब व मांड्या यांवरील त्वचेखालचा मेद वसा सुरक्षितपणे साठवितो. त्याची क्षमता संपली, की वसा उदरपोकळीत आतड्यांभोवती आणि त्यानंतर यकृत, स्नायू व स्वादुपिंड यांत उतरू लागते. आतड्यांभोवतीच्या मेदाचे रक्त यकृतद्वारनीलेतून थेट यकृतात जाते. त्यामुळे तेथील वसाम्ले आणि इंटरल्यूकिन-६ यांचा पहिला मारा यकृतावर होतो. त्वचेखालच्या मेदाच्या तुलनेत हा मेद लेप्टिन कमी, पण इंटरल्यूकिन-६ व पीएआय-१ अधिक स्रवतो.

हृदयाच्या पृष्ठभागावरील मेदाची गोष्ट वेगळी आहे. तो हृदयस्नायूला लगटून असतो. दोहोंमध्ये विभाजक पडदा नसतो आणि सूक्ष्म रक्तवाहिन्याही सामाईक असतात. हृदयरोहिण्या याच मेदातून वाट काढीत जातात. निरोगी अवस्थेत तो हृदयाला इंधन पुरवितो आणि ॲडिपोनेक्टिन देतो. मात्र हृदयरोहिणीविकाराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना घेतलेल्या नमुन्यांत, त्याच रुग्णांच्या त्वचेखालील मेदापेक्षा या मेदात शोथकारी प्रथिने अधिक आढळली. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोहिणीविलेपी विकार आतून, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉलमुळे होतो, ही धारणा त्यामुळे खोटी ठरत नाही. परंतु रोहिणीच्या बाहेरच्या बाजूनेही आग लागू शकते, हे तिला जोडावे लागते. याच मेदाचा हृदयाच्या अलिंदांतील अनियमित स्पंदनांशीही संबंध दिसून आला आहे.

मेद नसण्याचा रोग

मेद हा केवळ अपायकारक असता, तर तो मुळीच नसलेली माणसे सर्वांत निरोगी असती. प्रत्यक्षात उलटे आढळते. मेदऱ्हास, म्हणजे 'लिपोडिस्ट्रॉफी' या विरळ रोगाच्या सार्वत्रिक प्रकारात शरीरावर मेद जवळजवळ नसतोच. अशा रुग्णांचे हातपाय पिळदार दिसतात, परंतु त्यांना तीव्र मधुमेह होतो, रक्तातील ट्रायग्लिसराइडे प्रचंड वाढतात आणि यकृत वसेने भरून सुजते. साठविण्यास जागा नसल्याने वसा नको तिथे जाते आणि लेप्टिन नसल्याने भूकही अनावर असते.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा नऊ स्त्री-रुग्णांना चार महिने लेप्टिन दिले गेले. त्यांचे ग्लायकोसिलेटेड हीमोग्लोबिन सरासरी १.९ टक्के अंकांनी आणि ट्रायग्लिसराइडे सुमारे ६० टक्क्यांनी उतरली. लठ्ठपणावर फारसे उपयोगी न पडलेले लेप्टिन मेदहीनांना वरदान ठरले. 'मेट्रेलेप्टिन' या नावाने ते जपानमध्ये २०१३ साली आणि अमेरिकेत २०१४ साली या रोगासाठी मान्य झाले.

पुण्यातील अभ्यास

भारतीयांना पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनात आणि कमी वयात मधुमेह व हृदयविकार का होतात, या प्रश्नाच्या अभ्यासात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम जगभर उल्लेखिले जाते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही शरीर वस्तुमान निर्देशांक २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा आणि प्रचलित मापाने निरोगी होता. परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के निघाला. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हे उदाहरण 'वाय-वाय विरोधाभास' म्हणून ओळखले जाते. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हे लक्षात घेतले तरी वजनकाटा काय लपवितो हे त्यातून ठळकपणे दिसते.

या फरकाची मुळे जन्मापूर्वीची असावीत, असे पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातून पुढे आले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलोग्रॅम होते. पुण्याची बालके स्नायू आणि उदरातील इंद्रिये यांच्या मापांत फार लहान होती. पण पाठीवरील त्वचेच्या घडीची जाडी, म्हणजे मेद, त्या मानाने टिकून होता. वजनाने हलके पण मेदाने जड असे हे 'कृश-मेदस्वी' बालक होय. पुणे व लंडन येथील बालकांच्या नाळेच्या रक्ताची तुलना केली असता भारतीय बालकांत इन्शुलिन आणि, वजनाच्या मानाने पाहता, लेप्टिनही अधिक आढळले. मेदाचे संदेश जन्माच्या दिवशीच वेगळे असतात, असा त्याचा अर्थ. कष्टाचे काम करणाऱ्या आणि अपुरे खाणाऱ्या मातांच्या या बालकांमध्ये लठ्ठपणाची खूण सापडावी, ही बाब मधुमेहाला 'श्रीमंतांचा आजार' समजणाऱ्यांना विचार करावयास लावणारी आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. सर्वसाधारण लठ्ठपणाचे प्रमाण २८.६ टक्के, तर पोटाच्या लठ्ठपणाचे ३९.५ टक्के आढळले. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे वजनकाट्यावर न दिसणारा मेद होय.

उपचार

वजन उतरले की लेप्टिन, इंटरल्यूकिन-६ व पीएआय-१ कमी होतात. ॲडिपोनेक्टिन वाढण्यासाठी सामान्यतः बऱ्यापैकी वजन उतरावे लागते. जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ही वाढ स्पष्ट दिसते. नियमित व्यायामाने वजन न घटताही यकृत आणि उदरपोकळीतील मेद कमी होऊ शकतो.

पायोग्लिटाझोन हे मधुमेहावरील औषध नव्या, लहान मेदपेशी तयार करविते, उदरातील वसा त्वचेखाली वळविते आणि ॲडिपोनेक्टिन वाढविते. त्याने वजन थोडे वाढते आणि तरीही इन्शुलिनरोध कमी होतो. मात्र त्यामुळे शरीरात पाणी साठत असल्याने दुबळ्या हृदयाच्या रुग्णांना ते देत नाहीत. भूक कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाने, मधुमेह नसलेल्या परंतु वजन जास्त व हृदयविकार असलेल्या १७,६०४ रुग्णांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. यातील किती लाभ मेदाच्या संदेशांत झालेल्या बदलाचा आहे, हे वेगळे करून दाखविणे कठीण आहे.

शोथावर थेट घाव घालण्याचा प्रयत्न २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनाकिनुमॅब औषधाच्या चाचणीत झाला. कोलेस्टेरॉल न बदलता केवळ शोथ कमी करून अशा घटना १५ टक्क्यांनी कमी करता आल्या. पण प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले आणि हृदयविकारासाठी ते औषध वापरात आले नाही.

तपासणी

लेप्टिन, ॲडिपोनेक्टिन इत्यादींच्या रक्तचाचण्या खासगी प्रयोगशाळांत उपलब्ध आहेत. एकेका व्यक्तीच्या निदानासाठी वा उपचार ठरविण्यासाठी त्या नेहमी कराव्यात, अशी शिफारस नाही. मेदऱ्हासासारख्या विरळ रोगांत लेप्टिनच्या चाचणीचा उपयोग होतो. बाजारात लेप्टिनच्या नावाने गोळ्या व चूर्णे विकली जातात. लेप्टिन हे प्रथिन असल्याने तोंडावाटे घेतल्यास ते डाळीतील वा अंड्यातील प्रथिनाप्रमाणे पचून जाते; म्हणूनच ते टोचावे लागते.

व्यवहारात मेदाच्या स्थानाचा सर्वांत स्वस्त अंदाज शिंप्याच्या फितीने घेता येतो. भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर वा अधिक असल्यास पोटाचा लठ्ठपणा मानतात. शरीर वस्तुमान निर्देशांकाच्या मर्यादाही भारतीयांसाठी खाली आणल्या असून २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला जातो. घेर मोजताना उभे राहून, श्वास सहज सोडल्यावर, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर फीत आडवी धरतात. पाटलोणीचा पट्टा पोटाखाली बांधण्याची सवय असलेल्या पुरुषांत पट्ट्याचे माप प्रत्यक्ष घेरापेक्षा बरेच कमी भरते, त्यामुळे ते ग्राह्य धरीत नाहीत.